नौरोज-अकितूला काय शिवावं: सोरानी, बादिनी की बाख्दीदाची शाल?

कुर्दांचं नववर्ष नौरोज २१ मार्चला, असीरियन ख्रिस्ती लोकांचं नववर्ष अकितू १ एप्रिलला. इराकी कुर्दिस्तानात, एर्बिल-दुहोककडे राहणारीला दहा-बारा दिवसांत दोन्हीकडची आमंत्रणं येतात, आणि प्रत्येकासाठी वेगळा पोशाख शिवणं खिशाला जड जातं. सोरानी आणि बादिनी हे कुर्द बायकांचे पोशाख आणि बाख्दीदाची शाल, माझे तिन्ही घालून झाले आहेत. इराणातल्या महाबाद-केरमानशाहकडचे प्रकार मात्र कधी अंगावर घातले नाहीत, म्हणून ते सोडून देते.

देखणेपणात सोरानी, म्हणजे एर्बिलकडचा पोशाखच पुढे, यात वाद नाही. झिरझिरीत, टिकल्यांचा पायघोळ किरास (झगा), आत चमकदार अस्तर, वरून आखूड जाकीट नाहीतर लांब कवा (अंगरखा). एर्बिलच्या किल्ल्याखालच्या कैसरी बाजारात कापड हवं तेवढं, शिंपीही सरावलेले. पण त्या बाह्या! बाहीला लांबच लांब निमुळतं टोक असतं. दोन्ही टोकं मानेमागे नेऊन गाठ मारायची किंवा दंडाभोवती गुंडाळायची. कापड निसरडं, त्यामुळे हलपर्के, म्हणजे हातात हात धरून करायचा कुर्द नाच, रंगात आलं की गाठ सुटते, आणि तेव्हा तुमचे दोन्ही हात शेजारणींच्या हातांत. टोक पायात येतं, पुढे जेवताना रश्श्यात. नौरोजला तर जाळ पेटलेला असतो. ठिणग्या उडत असताना हे सिंथेटिक कापड सांभाळण्यात माझा अर्धा सण जातो. कुर्द मैत्रिणी हसतात. त्यांना लहानपणापासूनची सवय, त्यांची गाठ सुटलेली मी तरी पाहिली नाही.

बादिनी म्हणजे दुहोक-झाखोकडचा. वरचा खफ्तान (लांब अंगरखा) भारदस्त, फोटोत उठून दिसतो. बाह्यांची कथा तीच, शिवाय वजन जास्त.

बाख्दीदाची, म्हणजे मोसुलजवळच्या काराकोश या ख्रिस्ती गावाची, शाल वेगळ्याच कुळातली. चौकड्यांची लोकरी शाल साध्या झग्यावर एका खांद्यावरून तिरकी घ्यायची, आपण पदर खोचून कामाला लागतो तशी. हात मोकळे. तिच्यावर रंगीत दोऱ्यांनी माणसं, पक्षी, फुलं, क्रूस भरलेले असतात. ऑगस्ट २०१४ मध्ये दाएशने (आयसिसने) गाव घेतलं आणि तिथले कितीतरी लोक एर्बिललगतच्या अंकावात आले. मी ही शाल पहिल्यांदा तिथेच पाहिली. आता गावातच ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत ती नेसलेल्या आज्या दिसतात. भरतकाम हाताचं असेल तर महाग पडतं आणि वाटही पाहावी लागते. मी पक्षी आणि फुलंच भरून मागितली. क्रूस आपण मिरवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. कुर्दांच्या नौरोजला ती घातली तर कोणी नावं ठेवेल का, अशी धास्ती मला होती. उलट आयाबाया जवळ येऊन टाके निरखत बसल्या.

तुमच्या घरात नाचाची हौस नसेल, नुसतं बसून मिरवायचं असेल, तर सोरानी घ्या, शोभून दिसाल. मी मात्र पुन्हा शिवायला टाकलं तर शालच टाकेन.

फक्त जुलैतल्या लग्नाला लोकर नको, एर्बिलचा पारा तेव्हा ४५ च्या आसपास असतो. त्या वेळी सोरानी बरा, पण शिंप्याला आधीच बजावा की टोकं लावू नकोस. तो कुरकुरेल, पण ऐकतो.