पाणी उपसणाऱ्यांचा सहा महिन्यांचा अनुभव: काम चोख, पण पाइपाचा हिशेब बघून घ्या

आधी पाइपाबद्दल, कारण लिहायला बसलो तोच पाइपापायी.

आमच्या तळघरापासून फाटकाबाहेरच्या नालीपर्यंतचं अंतर ६२ फूट. तळघरात शिरलेलं पावसाचं पाणी उपसून देणाऱ्या एजन्सीशी माझा वर्षाचा करार आहे, तिच्या दरपत्रकात पंपासोबत ५० फूट पाइप मोफत. उरलेल्या १२ फुटांसाठी दुसरा ५० फुटांचा गुंडाळा उघडावा लागतो आणि त्याचं भाडं ३५० रुपये, दर फेरीला. फेऱ्या झाल्या तीन. म्हणजे १२ फूट पाइपाचे १,०५० रुपये, फुटाला साडेसत्याऐंशी, आणि पाइप परत त्यांच्याच गाडीत. मी ३४ वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत. असली नोंद मला झोपू देत नाही.

आता बाकीचं.

घर नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत. वडिलांनी बांधलं तेव्हा अर्धं तळघर काढून घेतलं, उन्हाळ्यात दुपारी निजायला. त्या काळी ती हौस शहाणपणाची वाटत होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते नागपुरात कोणाला सांगायला नको. काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, तलाव ओसंडला आणि आम्ही उठलो तर पलंगाखाली चपला तरंगत होत्या. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, विसर्जन त्याच दिवशी व्हायचं होतं. बायको पाण्यात उभी राहून अक्षता शोधत होती, कारण अक्षता टाकल्याशिवाय मुखवटे हलवायचे कसे? शेवटी भिजलेलेच तांदूळ वाहिले आणि दोघी माळ्यावर गेल्या. आंबिलीचं पातेलं मात्र अंगणातून पार फाटकापर्यंत पोचलं होतं.

तेव्हा पाणी आम्ही बकेटींनी आणि रोजंदारीच्या चार माणसांनी काढलं. तीन दिवस लागले. सरकारी मदतीचे १०,००० रुपये मजुरी, गाळ आणि ब्लीचिंग पावडर यातच गेले. त्याहून मोठी चूक म्हणजे दिवाळीच्या आत रंग देऊन टाकला. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, मधे जेमतेम सात आठवडे. जानेवारीत भिंतीला लोणा फुटला आणि रंगाचे पोपडे पापडासारखे हातात येऊ लागले. रंगाचे २२,००० पाण्यात गेले, आणि यावेळी पाणी नसताना.

म्हणून मे २०२५ मध्ये हा वर्षाचा करार केला. ४,५०० रुपये, त्यात पावसाळ्याआधी एक पाहणी आणि फोन केल्यापासून चार तासांत माणूस दारात. पंपाचे तास, पाइप, ओल काढण्याची यंत्रं, सगळं वेगळं. एजन्सीचं नाव लिहीत नाही. लहान धंदा आहे, पोरं मेहनती आहेत आणि माझं भांडण त्यांच्या दरपत्रकाशी आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सलग पावसात तळघरात अडीच फूट पाणी चढलं. काही उतारावरून आलं, काही मोरीतून उलटं. मी फोन केला, तीन तास वीस मिनिटांत गाडी आली. इथे पूर्ण गुण. दोन पोरं होती. त्यातला थोरला पायरीवरच थांबला. "काका, मेन स्विच बंद आहे का? तुम्ही सांगता म्हणून नाही, मला दाखवा." मीटरपाशी नेऊन दाखवला, तेव्हा कुठे तो पाण्यात उतरला. पंप चालवायला जनरेटर त्यांचाच, आणि तो फाटकाबाहेर ठेवला. पाऊस होता म्हणून मी म्हटलं पोर्चमध्ये घ्या. म्हणे, नाही, धूर घरात शिरला की माणूस झोपेतच जातो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. जनरेटरचे वेगळे पैसे लागतील अशी माझी खात्री होती. लागले नाहीत.

मग आला पाइप. ५० फूट संपले आणि नाली अजून १२ फुटांवर. मी म्हटलं, दुसरा गुंडाळा कशाला, हे कंपाउंडमधलं चेंबर आहे ना, इथेच सोडा. पोरगा म्हणाला, "अजी काका, हे भरून राहिलं आहे, पाणी कुठं जाईल?" मी म्हटलं, जाईल. पंप सुरू झाला. थोरल्याने भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण केली होती. वीस मिनिटं झाली, खूण जागची हलली नाही. तीस मिनिटं झाली. चाळिसाव्या मिनिटाला धाकट्याने टॉर्च मारला तर कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीतून पाणी बुडबुडत वर येत होतं. चेंबरमध्ये सोडलेलं पाणी चेंबरमधूनच तळघरात परत. म्हणजे ३५० वाचवायला मी पंपाला पाऊण तास त्याच पाण्याची प्रदक्षिणा घालायला लावली, आणि पंपाचा पहिला तास ८०० रुपयांचा.

पोरं हसली नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. बायको हसली.

दुसरा गुंडाळा आला, मोरीत ओल्या पोत्याचा बोळा आणि वर दगड ठेवला, पाणी नालीत पडू लागलं. मग मी माझं काम केलं. पाइपाचं तोंड दोन मिनिटं आमच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये धरायला लावलं आणि घड्याळ लावलं. ५५ सेकंदांत ड्रम भरला, म्हणजे मिनिटाला साधारण २१८ लिटर. पंपाच्या पाटीवर ४०० लिहिलं आहे. पाणी वर चढवायचं, मग ६२ फूट ढकलायचं, त्यात एवढी घट येणारच हे मला कळतं. तरी पाटी बघून कोणी तास मोजू नयेत म्हणून सांगतो. तळघर ४०० चौरस फूट, पाणी अडीच फूट, म्हणजे १,००० घनफूट, २८,००० लिटरच्या वर. बकेटीच्या भाषेत सुमारे १,९०० बकेटा. पंपाला सव्वादोन तास पुरायला हवे होते.

पुरले नाहीत, कारण एक फूट पाणी उतरताच थोरल्याने पंप बंद केला. "आता उद्या." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, अरे, दीड फूट बाकी आहे. "एकदम नाही काढाचं, काका." नवी खूण केली, तारीख घातली आणि पाइप गुंडाळून गेले. दुसऱ्या दिवशी आले, खुणेशी पाणी ताडून पाहिलं, एक फूट काढलं, पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी उरलेलं. तीन फेऱ्या, तिन्हींचे फेरीचे पैसे वेगळे, तिन्हींत पाइपाचे ३५० वेगळे. दरम्यान आमचा जुना दिवाण, दोन ट्रंका आणि शिलाई मशीन त्या पाण्यात उभे. पावतीवर सही करताना मी लिहिलं, "निषेधासह".

त्या आठवड्यात मी हा अनुभव लिहायला घेतला होता. त्यातलं एक वाक्य तसंच देतो: "मीटर फिरवण्यासाठी मुद्दाम थांबतात, पाचपैकी दोन तारे." ते लिखाण तसंच राहून गेलं, बरं झालं.

आमच्या मागच्या ओळीत एका सद्गृहस्थांचंही तळघर भरलं होतं. त्यांनी ट्रॅक्टरवरचा मोठा पंप आणवून एका दुपारीत ठणठणीत कोरडं केलं, आणि संध्याकाळी मला गच्चीवरून विचारलं, "काय भाऊ, तुमचं अजून चालूच?" आठ दिवसांनी त्यांनीच बोलावून नेलं. तळघराची फरशी मधोमध कढईच्या बुडासारखी वर आलेली, आणि मागच्या भिंतीला आडवी भेग, बोट जाईल एवढी. बाहेरची जमीन पाण्याने तुंबलेली असते, वर आपली काळी माती, ओली झाली की फुगणारी. ती भिंतीला बाहेरून रेटत असते. आतलं पाणी आतून टेका देत असतं. तो टेका एकदम काढला की भिंत एकटी पडते. म्हणून थोडं काढायचं, खूण करायची, थांबायचं. खुणेच्या वर पाणी आलं तर समजायचं की बाहेरचा जोर अजून उतरला नाही. हे मला त्या पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर निषेध लिहिला नसता. मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं होतं ना काका, तुम्ही ड्रम मोजून राहिले होते."

तर थांबण्याबद्दलची तक्रार मागे घेतो. पाइपाची घेत नाही.

अंगणातली जमिनीतली प्लास्टिकची टाकीही पुराच्या पाण्याने भरली होती. तीही उपसा म्हटलं तर त्यांनी चक्क नकार दिला. जमीन भिजलेली असताना रिकामी टाकी खालच्या पाण्याने वर उचलली जाते म्हणे. दहा दिवसांनी येऊन रिकामी केली, धुतली, पैसे फक्त धुण्याचे. ज्याला नुसता मीटर फिरवायचा असता त्याने त्याच दिवशी उपसली असती.

पंप शेवटचा इंचभर सोडतो. कोरडा फिरला तर त्याचं सील जातं. तो इंच ओलं खेचणाऱ्या व्हॅक्यूमने काढतात, चौरस फुटाच्या दराने. ठीक काम, दर किंचित चढा. नंतरची फवारणीही ठीक. तेवढ्यात बायकोने फरशीला मारायला संडासचं अॅसिड आणलं होतं, थोरल्याने झडप घालून बाटली बाजूला केली. ब्लीचिंगवर अॅसिड पडलं की क्लोरीन सुटतो, बंद तळघरात तर बघायलाच नको.

आनंदाचा भाग आता, आणि तो फुकटचा आहे. भिंती सुकवायला त्यांचे ब्लोअर दिवसाला ४०० रुपये नगाला, लागणार दोन, दिवस किमान सहा. मी पुन्हा हिशेबाला बसलो, तर थोरलाच म्हणाला, "काका, कूलर आहे ना? ताट्या काढा, पाणी नका टाकू, नुसता पंखा लावा." नागपुरात कूलर नाही असं घर कोणतं? आमचा लोखंडी, अठरा इंची पंख्याचा, एप्रिल-मेमध्ये गल्ली हलवणारा. ताट्या काढल्या, आत कोळ्याची जाळी आणि गेल्या मोसमातली वाळकी पानं निघाली. चाकांवरून खाली उतरवला, वायर वरच्या मजल्यावरून घेतली आणि वारा भिंतीला तिरका लागेल असा ठेवला. ब्लोअरचे ४,८०० वाचले. मात्र खिडक्या बंद ठेवायच्या. मला हे पटत नव्हतं, आपल्याकडे ओल म्हटलं की दारं उघडतात. पण जुलैची बाहेरची हवाच ओली, ती आत घेऊन भिंत सुकणार कशी? हवेतलं पाणी ओढणारं यंत्र त्यांच्याकडून भाड्याने घेतलं, त्याच्या टाकीत पहिल्या दिवशी साडेनऊ लिटर जमलं. रोज सकाळी मी मापाने मोजून ओतत होतो. सातव्या दिवशी तीन लिटर.

धाकटा एक दिवसाआड यायचा आणि दोन टोकांचा ओल मोजायचा मीटर भिंतीत टोचायचा. जमिनीपासून अर्ध्या फुटावर, दोन फुटांवर, चार फुटांवर. शेजारी पेन्सिलीने आकडा आणि तारीख लिहायचा. १२/७ ला खालचा आकडा ३८, २०/७ ला २९, ऑगस्टच्या मध्याला २१. वरचा भाग केव्हाच सुकला, खालच्या अर्ध्या फुटाने सप्टेंबर उजाडवला. बायको म्हणायची, अहो, भिंत आहे की शाळेची वही? यंदा दिवाळीला रंग दिला नाही, पाहुण्यांना तळघर दाखवलंही नाही. परवा पुन्हा टोचलं, १४. वरच्या कोरड्या खोलीतली भिंतही १३ दाखवते. आता रंगाऱ्याला फोन करायला हरकत नाही. मीटर टोचण्याचे वेगळे पैसे नाहीत, हे दरपत्रकात ठळक अक्षरांत यायला हवं. पण ते ठळक काय छापतात, तर "५० फूट पाइप मोफत".

ऑगस्टमध्ये मी इतवारीत लोहाओळीत जाऊन स्वतःचा चपटा पाइप घेऊन आलो, १५ मीटर, मीटरला ६० रुपये. ९०० रुपयांत ५० फुटांच्या आसपास पाइप कायमचा घरात. भाड्यात त्याहून जास्त गेले होते. मोठ्या विजयाने धाकट्याला दाखवला. त्याने तोंड पाहिलं, बोटाने मोजलं आणि म्हणाला, "काका, हा अडीच इंची आहे. आमचा दोन इंची." आता जोडायला एक कपलिंग लागेल. ते आणायला पुन्हा लोहाओळीत जायचं, तर ऑटोचं भाडं कपलिंगहून जास्त. सध्या पाइप कूलरच्या टाकीत गुंडाळून ठेवला आहे.

तारे चार. कापलेला एक कशाचा, ते वर आलं आहे.

डिसेंबरच्या आत पुढच्या वर्षाचे पैसे भरले तर १० टक्के सूट, असा निरोप आला आहे. फॉर्म टेबलावर आहे. ‘अतिरिक्त पाइप’ या रकान्यात ‘प्रति गुंडाळा’ खोडून मी पेनाने ‘प्रति फूट’ लिहिलं आहे. थोरल्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, विचारून सांगतो. अकरा दिवस झाले.