घोंगडीला गव्हाची ॲलर्जी

गोट्या आमचा लॅब्रॅडॉर. पाच वर्षांचा, ३४ किलोचा, आणि दोन वर्षांचा असल्यापासून खाजवणारा. पंजे चाटून चाटून तांबूस केलेले, कानाला कायम तो खमंग-कुबट वास, पोटाची कातडी काळवंडलेली. रात्री दोन वाजता त्याचा मागचा पाय फरशीवर धपधप आपटायला लागला की घरातले सगळे जागे.

आमचे डॉक्टर गेली दहा-बारा वर्षं नाशकात दवाखाना चालवतात, बोलायचे अगदी सरळ. "ताई, ही हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी आहे. धूळ, परागकण, बुरशी. मुळापासून जाणार नाही. सांभाळायची." मग शाम्पू, कानाचे थेंब, फार वाढलं की आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या. गोळ्या असताना गोट्या झोपायचा, संपल्या की पंधरा दिवसांत परत धपधप.

हे आधी सांगते, कारण फसले ते इथेच. 'जाणार नाही' हे वाक्य तीन वर्षं ऐकून माझे कान किटले होते. नेमक्या त्याच वेळी, गेल्या जून महिन्यात, मोबाइलवर एक बाई दिसल्या. मागे हिरवीगार झाडं, मांडीवर गोल्डन रिट्रिव्हर, आणि म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर लक्षण दाबतात. मी रूट कॉज शोधते." मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मी एका सहकारी बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासते, लोकांच्या सह्या खोट्या आहेत का ते बघण्याचा पगार घेते. तरीही.

पहिला कन्सल्ट दीड हजार रुपये, व्हिडिओ कॉलवर, चाळीस मिनिटं. खरं सांगायचं तर ती चाळीस मिनिटं मला फार आवडली. गोट्या काय खातो, कुठे झोपतो, घरात भांडणं होतात का, त्याची आई कशी होती, सगळं विचारलं. दवाखान्यात आमच्या मागे आठ जण रांगेत असतात, तिथे एवढं कोण विचारणार? त्या मला 'गोट्या मम्मी' म्हणायच्या. शेवटी म्हणाल्या, "मॅम, याचं लिव्हर केमिकलनी भरलंय. आपण हेअर टेस्ट करू."

हेअर टेस्ट म्हणजे कुत्र्याचे चिमूटभर केस पाकिटात घालून कुरियरने पाठवायचे. ४,८०० रुपये. दहा दिवसांत चौदा पानी रिपोर्ट आला, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचा. चिकन लाल, गहू लाल, तांदूळ पिवळा, बटाटा लाल, चिंच लाल. चिंच! आमच्या आमटीतली चिंच गोट्याने कधी हुंगलीही नव्हती. पण रंगीत छापलेल्या कागदाचा दरारा असतोच. मी तो लॅमिनेट करून फ्रिजवर लावला.

त्यावर तीन महिन्यांचा कोर्स, १३,५०० रुपये, आगाऊ, परत मिळणार नाहीत. त्यात मोठ्या तोंडाच्या तीन बरण्या आल्या. एक हळदीची, एक 'गट हीलिंग' म्हणून काहीतरी पांढरं, आणि एक तपकिरी भुकटी 'नॅचरल टिक गार्ड'. बरणीवर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक होता, म्हणून मी निश्चिंत. तो क्रमांक ज्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळतो तो कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे, जनावरांचं खाद्य त्यात येतच नाही, हे मला नंतर कळलं. बँकेत एखाद्याने दुसऱ्याच जमिनीचा सातबारा आणून दिला तर मी कागद तोंडावर फेकते. इथे मात्र क्रमांक बघितला आणि खूश झाले.

खाणं बदललं. लाल यादीतलं सगळं बंद, कच्चं मटण आणि भोपळा सुरू. श्रावण लागला होता. आईने काही न बोलता एक जुनी कढई, एक सुरी आणि एक पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "याच्या आजारापुढे माझं सोवळं कसलं, पण स्वयंपाकघरात आणू नकोस." सत्तरी ओलांडलेली बाई महिनाभर त्या बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून बसायची.

या सगळ्यात मटणाने काही बिघडलं नसतं. बिघडलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. गोट्याला आम्ही गोचिडांसाठी ठरावीक दिवसांनी चघळायची गोळी द्यायचो. बाई म्हणाल्या, ते विष आहे, ते बंद. 'टिक गार्ड' रोज दोन चमचे, आणि अंगावर ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून फवारायचं. खाजवून सोललेल्या पोटावर ते व्हिनेगर पडलं तेव्हा गोट्या असा किंचाळला की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. पुन्हा नाही फवारलं. पण भुकटी चालू ठेवली, आणि गोळी बंदच राहिली. ऐन पावसाळ्यात.

ऑगस्टच्या शेवटी त्याच्या पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये मला एक गोचीड सापडला. एरंडाच्या बीसारखा टरटरून फुगलेला, राखाडी. दुसरा कानाच्या आत. मग दिवाणामागच्या भिंतीच्या फटीत बॅटरी मारून पाहिलं तर तीळ सांडल्यासारखी पिल्लं वर चढत होती. कुत्र्याचा हा तपकिरी गोचीड घरात राहतो, फटीत अंडी घालतो, आणि एक मादी हजारांवर घालते. आई म्हणाली, "अगं, आमच्याकडे गुरांचे गोचीड हातानं वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. भुकटी चारून कुठे गोचीड पळतात?" मी तिला 'तुला यातलं कळत नाही' असं म्हणाले. हे वाक्य मी इथे लिहिलंय म्हणजे किमान कुठेतरी कबुली राहील.

बाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बॉडी टॉक्सिन रिलीज करतेय म्हणून टिक्स आकर्षित होतात. गुड साइन!" सोबत दोन टाळ्या.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण बरण्यांपेक्षा ही बोलण्याची रीत जास्त धोक्याची आहे. गोट्याने जेवण अर्धं टाकलं, उत्तर आलं, "पचनसंस्था विश्रांती घेतेय." अंग तापलं, "हीलिंग क्रायसिस, अशा वेळी ताप उतरवायचं औषध देऊ नका." पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, डास चावल्यासारखे, पण दाबले तरी फिके न होणारे, "स्किन डिटॉक्स." आणि प्रत्येक वेळी बाईंच्या मोबाइल ग्रुपवर इतर पाच-सहा मम्म्या लिहायच्या, आमच्याकडेही असंच झालं, मग एकदम छान झालं, ट्रस्ट द प्रोसेस. बरं वाटलं तर औषधाचा गुण. वाईट वाटलं तरीही औषधाचाच गुण. अशा बोलण्यातून बाहेर पडायला दारच नसतं. डॉक्टरांना फोन करू का विचारलं तर म्हणाल्या, "ते घाबरवतील आणि परत स्टिरॉइड देतील. दोन महिन्यांची मेहनत वाया जाईल. तुमचा निर्णय." वर २,२०० रुपयांचे लिव्हरचे थेंब विकले.

आठ सप्टेंबरच्या सकाळी गोट्या उठलाच नाही. शेपटीचं टोक हललं, डोकं नाही. नवऱ्याने त्याचा ओठ वर केला. हिरड्या नेहमी गुलाबी असायच्या, त्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. नाकपुडीखाली रक्ताची एक वाळलेली रेघ. चादरीच्या झोळीत घालून त्याला खाली नेला.

रक्त तपासलं. प्लेटलेट ३४ हजार. किमान दोन लाख हव्यात. हिमोग्लोबिन ६.८, म्हणजे निम्म्याच्या आसपास. एर्लिकिया, आपण ज्याला गोचीडताप म्हणतो तो. गोचीड चावल्यावर साधारण आठ ते वीस दिवसांत लागण वर येते, आणि वेळेवर पकडली तर डॉक्सीसायक्लिन या साध्या अँटिबायोटिकने बरी होते. त्या गोळ्या अगदी स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळणाऱ्या.

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी काय देत होता?" मी तपकिरी बरणी काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. मला रोजची सवय झाली होती म्हणून तो वास कळेनासा झाला होता. लसूण. बरणीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, इंग्रजीत, यादीत पहिल्याच जागी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन खराब करतात आणि पेशी फुटायला लागतात. माणसाला फोडणीला लागणारी गोष्ट, म्हणून आपल्याला शंकाच येत नाही. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी दाखवली. पेशींच्या कडेला पुटकुळीसारखे उंचवटे, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. "किती लसणाने आणि किती गोचीडतापाने, हे वाटून सांगता येणार नाही ताई," ते म्हणाले. "पण आधीच गळकं असलेलं भांडं तुम्ही खालूनही भोसकत होता."

रक्त द्यावं लागेल का हे दुसऱ्या दिवशीवर ठेवलं होतं. आकडे घसरायचे थांबले, म्हणून टळलं. सलाईन, चार दिवस दवाखाना, मग २८ दिवस डॉक्सीसायक्लिन, जेवणानंतरच. बिल १८,७०० रुपये. बाईंकडे गेलेले सगळे धरून २२,०००. हे आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत.

आता घोंगडी. गोट्या सावरल्यावर मी डॉक्टरांना हेअर टेस्टचं विचारलं. ते म्हणाले, खाण्याची ॲलर्जी केसातून कळत नाही. केस म्हणजे मेलेलं द्रव्य. ती शोधायची एकच खात्रीची रीत, आठ आठवडे कुत्र्याने कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं मोजकं जेवण द्यायचं, खाज उतरली तर जुनं खाणं परत देऊन बघायचं. कंटाळवाणी, पण जवळजवळ फुकट. मग त्यांनी एक गंमत सांगितली. अशीच केस आणि लाळेची एक चाचणी पडताळायला अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खोटी फर आणि साधं सलाईन पाठवलं होतं, २०१९ साली ते छापूनही आलं. खोट्या फरलाही ॲलर्ज्या निघाल्या.

माझ्या डोक्यात किडा वळवळला. आईची माहेरची काळी घोंगडी आहे, तिच्या वडिलांच्या वेळची. तिच्या दशीतून चिमूटभर लोकर काढली आणि दिराच्या नावाने, दिराच्या नंबरवरून पाठवली. नाव शेरू, वय तीन, देशी. पहिल्यांदाच करताय म्हणून सूट मिळाली, ३,९०० रुपये. माझ्या आयुष्यातला सर्वांत समाधानाचा खर्च.

तेरा पानं आली. शेरूला गहू, चिकन आणि गाजर सोसत नाही. थायरॉइडवर ताण. आतड्यात यीस्ट. भावनिक स्थिती: एकटं राहण्याची भीती. आणि हिरव्या रकान्यात, ठळक अक्षरांत, शेरूसाठी उत्तम आहार, मटण. मेंढीच्या लोकरीला मटण मानवतं! आई ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग गप्प झाली आणि म्हणाली, "माझ्या बापाच्या घोंगडीला एकटेपणा वाटतो, हे मात्र खरं असेल."

दोन्ही रिपोर्ट आणि दवाखान्याचे कागद बाईंना पाठवले. अर्ध्या तासात मी ग्रुपच्या बाहेर. एकच ओळ आली, "सॅम्पल कंटॅमिनेटेड असेल, आम्ही वेलनेस गाइडन्स देतो, ट्रीटमेंट नाही." पावती काढून बघितली तर खरंच तसं छापलेलं होतं, अगदी तळाला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्याप्रमाणे जनावरावर उपचार करायचे तर राज्याच्या परिषदेकडे पशुवैद्य म्हणून नोंदणी हवी. म्हणून उपचाराला 'गाइडन्स' म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी नोंदणी क्रमांक विचारला असता तर पुढचं संभाषण झालंच नसतं. हा एक प्रश्न आहे, फुकट आहे, विचारा.

दुसरं, कुत्र्याच्या हिरड्यांचा निरोगी रंग आत्ताच, तो बरा असताना, नीट बघून ठेवा. मी बघितला नव्हता, नवऱ्याने बघितला होता, म्हणून त्या सकाळी कळलं. आणि पूरक म्हणून काही द्यायचंच असेल तर आधी बरणीच्या मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचा. सगळंच वाईट असतं असं मी म्हणत नाही. माशाचं तेल आमचे डॉक्टरही देतात, गोट्याच्या कातडीला त्याने थोडा फरक पडतो. पण ते गोळीसोबत देतात, गोळीच्या जागी नाही, आणि तोलून देतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. हेअर टेस्टचे ४,८०० परत द्यायला बाई तयार झाल्या, मी कुठे काही लिहिणार नाही या अटीवर. नाही घेतले. उरलेली भुकटी बरणीसकट टेप लावून कपाटात ठेवली आहे, ग्राहक आयोगात जायचं झालं तर लागेल. कपाट उघडलं की अजून वास येतो.

गोट्या खाजवतो. सांभाळतो आहोत.

परवा दिराचा फोन आला, हसू दाबत होता. त्याच्या नंबरवर मेसेज आलाय: "हाय शेरू डॅडी! शेरूचा तीन महिन्यांचा कोर्स अजून सुरू केला नाही? या आठवड्यात १५ टक्के सूट."