सागाचा पाळणा, जवसाचं तेल आणि २६ इंचांचं दार

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा डोक्यात नागपूरच्या मैत्रिणीची पांढरीशुभ्र बेबीरूम होती. माहेर देवळीजवळच्या खेड्यातलं. खोली दहा बाय दहा, त्यात निम्मी तुरीची पोती. ऑनलाइन मागवलेला पांढरा पाळणा आला तो कोपरा फुटलेला, वर रंगाचा भपकारा. तो परत केला आणि संक्रांतीनंतर बाबांसोबत तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीच्या लेखी पाळणा म्हणजे कड्या-साखळ्यांचा. मला हवा होता चार पायांवर उभा, आतून चार बाय दोन फूट, गजांमधली फट सहा सेंटिमीटरच्या आत. फट मोठी असली तर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. तो म्हणाला, "ताई, एवढे जवळ गज तं कोंबड्याच्या खुराड्यालेही नसते." पण केले. पट्टी लावून मोजले, सगळीकडे साडेपाच. साग एका पडक्या वाड्याच्या तुळईचा, मुरलेला. वरून रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं घाणीवरचं जवसाचं तेल. कच्चं तेल वाळायला तीन आठवडे गेले आणि तोवर जो येई तो हात पुसत जाई. आता गजावर तळहात फिरवला तर कुठे कुसळ लागत नाही. बोर्डाच्या पाळण्याला हा स्पर्श नाही.

किंमत ११,५०० रुपये. कबूल केला महाशिवरात्रीला, दिला होळीनंतर. शिवाय तो दारातून आत जाईना. पाळणा बाहेरून २७ इंच, आमच्या जुन्या घराचं दार २६. दाराचं माप घेतलंच नव्हतं, चूक माझी. मिस्त्रीनं घरी येऊन एक बाजू सोडवली, आत नेऊन बोल्टांवर बसवली. त्याचे ५०० वेगळे.

बाकी खोलीची कल्पना सेवाग्रामहून आणली. शाळेच्या सहलीत बापूकुटी कितीदा पाहिली असेल, पण नीट पाहिली ती सातव्या महिन्यात. मातीच्या भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं, बाकी सगळं मोकळं. घरी येऊन पोती हलवली, चुना मारला, एक फळी ठोकली, दुपट्यांची टोपली ठेवली, खिडकीला खादीचा पडदा लावला. मच्छरदाणी वरच्या कडीला.

भांडण झालं ते आजीच्या मोहरीच्या उशीवरून. डॉक्टरबाई आणि आशाताई, दोघींचं एकच म्हणणं: वर्षभर उशी नको, मऊ गोधडी नको, गादी टणक, बाळ पाठीवर. गादीवाल्याला कापूस ठासून भरायला लावला. आजी म्हणाली, "डोस्कं चपटं होईन तवा मले सांगजो." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उशी उसवली आणि जुन्या नऊवारीच्या चिंध्यांचं चिमणाळं शिवायला बसली. पाच चिमण्या, उशीतली मोहरी त्यांच्या पोटात.

चिमणाळं पाळण्याच्या बाजूला आढ्याला टांगलंय, उंच, कुणाचा हात पुरणार नाही असं. मिस्त्रीच्या पाळण्याला माझ्याकडून पाचपैकी चार गुण, एक उशिरासाठी कापला.

बाहेर पारा ४५ला टेकलाय. दुपारी कूलर लावला की चिमण्या हलतात, मोहरी सळसळते, बाळ डोळे वर करून पाहतं आणि आजी माझ्याकडे.