सोफ्यावर कोण बसलंय, त्यावर विनोद ठरतो: ‘हवा’, ‘हास्यजत्रा’ आणि इतर

मराठी वाहिन्यांवरचा विनोदी कार्यक्रम लावला की आधी पाहुण्यांच्या सोफ्याकडे बघायचं. पुढचा तासभर कशावर हसायचंय, ते तिथेच कळतं.

झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’च्या सोफ्यावर बहुतेक वेळा नव्या सिनेमा-नाटकाची मंडळी, नाहीतर झीच्याच एखाद्या मालिकेतलं कुटुंब. म्हणजे लेखकाला दर वेळी नवं गिऱ्हाईक: त्याच्या सिनेमाचं विडंबन करायचं, पण त्याला लागेल असं काही बोलायचं नाही. त्यावर ‘हवा’चा हमखास उतारा म्हणजे साडी नेसलेला पुरुष. भाऊ कदम तसा अवतरला की समोर शाहरुख खान असला तरी निभावून जायचं. मधेच सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचून डोळ्यांत पाणी आणायचा. निव्वळ विनोदी कार्यक्रमात हे खटकलं असतं, पण संध्याकाळपासून मालिका बघत बसलेल्या घराला रडूचा एक घास लागतोच. गडबड व्हायची ती शेवटाला. पाहुण्यांना खूश ठेवायच्या नादात शेवटचा पंच कौतुकात विरघळायचा. शिवाय सिनेमा विस्मरणात गेला की त्याचं विडंबनही शिळं.

सोनी मराठी आली ऑगस्ट २०१८ मध्ये. नव्या वाहिनीकडे मिरवायला मुरलेल्या मालिकांचे चेहरे कुठून असणार? त्यामुळे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ स्किटच्याच जिवावर उभी राहिली. परीक्षक ठरलेले, प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर. पाहुणा आला तर आला. लेखक-दिग्दर्शक जोडी सचिन मोटे-सचिन गोस्वामींचं गणित साधं आहे: एक घर किंवा दुकान, दोन-चार माणसं, त्यातल्या एकाची खोड, आणि ती खोड दर मिनिटाला थोडी वाढवत न्यायची. समीर चौघुले-विशाखा सुभेदार यांच्या जुन्या स्किटांत हा चढ नीट दिसतो. आधीचं काही ठाऊक असावं लागत नाही, म्हणून यूट्यूबवरचा सुटा तुकडाही लागू पडतो, अगदी परदेशातल्या मराठी घरातसुद्धा.

खोट इथेही आहे. पंच पडला रे पडला की कॅमेरा परीक्षकांच्या हसण्यावर जातो आणि समोरच्या नटाचा चेहरा हुकतो. खरी गंमत बऱ्याचदा त्या चेहऱ्यावरच असते! लकबी आणि ठरलेली वाक्यंही घासून गुळगुळीत झाली आहेत.

नट तेच, वाहिनी दुसरी, असं केलं तर काय होतं? २०२४ मध्ये ‘हवा’ थांबल्यावर त्याचे सूत्रसंचालक नीलेश साबळे आणि नट भाऊ कदम कलर्स मराठीवर गेले, कार्यक्रमाचं नावच ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’. साबळेंची हातखंडा ओळ सोबत होती, झीच्या मालिकांचा गोतावळा मात्र मागे राहिला. कार्यक्रम फार काळ टिकला नाही.

स्टार प्रवाहवरचा ‘आता होऊ दे धिंगाणा’ तर मालिकांमधल्या कुटुंबांचा गाण्यांचा खेळ. सिद्धार्थ जाधवची धावपळ झकास, पण प्रवाहच्या मालिका बघत नसाल तर निम्मे टोमणे डोक्यावरून जातील.

नव्याने बघणाऱ्याने ‘हास्यजत्रा’ची पहिल्या पर्वांतली सुटी स्किटं आधी घ्यावीत. ‘हवा’चा भाग निवडताना ज्याचं विडंबन आहे तो सिनेमा आपण पाहिलाय ना, एवढं बघावं. पत्र आलं की पुढे ढकलू नये, त्या भागात लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत बहुधा तिथेच घेतलेली असते.