सिंक, शेअर आणि प्रसिद्धी: काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपुरातील महाल आणि इतवारी भागांतील जुने वाडे, तान्ह्या पोळ्याला निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि घरच्या अल्बममधून स्कॅन केलेले फोटो असा माझा संग्रह दरवर्षी वाढत जातो. तो फोनवर आणि लॅपटॉपवर सारखा ठेवणे (म्हणजे सिंक), पुण्या-अमरावतीच्या नातेवाइकांना दाखवणे आणि त्यातील निवडक भाग सर्वांसाठी खुला करणे ही कामे मी गेल्या दिवाळीपासून गूगल फोटोज, सिंकथिंग, विकिमीडिया कॉमन्स आणि फोटो मांडण्याचे संकेतस्थळ फ्लिकर यांच्यावर सोपवली आहेत. यंदाचा पोळा झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: तिन्ही कामे एकाच सेवेकडून करून घेण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक कामातला धोका वेगळा आहे आणि एका ठिकाणी सोयीची ठरलेली सवय दुसऱ्या ठिकाणी नडते.

गूगल फोटोजबद्दल नवे सांगण्यासारखे थोडेच आहे. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून १५ जीबी जागा मोफत मिळते. ही जागा भरली की नवे फोटो चढणे थांबते आणि जीमेलवर पत्रे येणेही थांबते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी १०० जीबीची योजना घेतली. ती मला महिन्याला १३० रुपयांना पडली. ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडल्यास मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पीपर्यंत आक्रसले जातात. मोबाइलवर पाहताना फरक जाणवत नाही, पण वाड्याच्या लाकडी खांबांवरील नक्षी नंतर मोठी करून पाहायची असेल, तर मूळ दर्जाच ठेवावा. शोध उत्तम चालतो, चेहऱ्यांनुसार होणारी वर्गवारीही उपयोगी पडते, आणि तेवढ्यासाठीच मी ही सेवा सोडणार नाही.

मात्र सिंक म्हणजे बॅकअप, असे समजणाऱ्यांनी थोडे थांबावे. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असताना फोनवरील गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि त्यानंतर परत मिळत नाही. म्हणूनच खरी दुसरी प्रत घरात असावी, या विचाराने मी सिंकथिंगकडे वळलो.

सिंकथिंग हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम २०१३ पासून उपलब्ध आहे. यात मधला सर्व्हर फाइल साठवत नाही. दोन उपकरणे एकमेकांना एका लांबलचक ओळखक्रमांकाने ओळखतात आणि फाइल थेट, कूटबद्ध स्वरूपात पाठवतात. दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असतील तर इंटरनेटचा डेटा खर्चच होत नाही, त्यामुळे मारबतीच्या दिवशी घेतलेले मोठे व्हिडिओसुद्धा घरी पोचल्यावर आपोआप लॅपटॉपवर उतरतात. अँड्रॉइडवरील त्याचे अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ नंतर बंद झाले. मी त्याऐवजी ‘सिंकथिंग-फोर्क’ हे स्वयंसेवकांनी चालू ठेवलेले अ‍ॅप वापरतो आणि ते समाधानकारक चालते. दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असावी लागतात, ही अट मात्र रोज आठवावी लागते.

येथे दोन मांडण्या महत्त्वाच्या आहेत. फोनचा फोल्डर ‘फक्त पाठवणारा’ आणि लॅपटॉपचा ‘फक्त स्वीकारणारा’ ठेवला, तरी फोनवर पुसलेली फाइल लॅपटॉपवरूनही पुसली जाते. ती वाचवायची असेल, तर लॅपटॉपच्या बाजूला जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय स्वतःहून चालू करावी लागते, कारण ती मुळात बंद असते. चालू केल्यावर पुसलेल्या फाइल एका लपलेल्या फोल्डरमध्ये जमा होत राहतात. हा प्रोग्रॅम कोणालाही सुचवण्यापूर्वी एवढे सांगणे आवश्यक आहे. तांत्रिक मांडणीचा कंटाळा असणाऱ्यांनी याच्या वाटेला न गेलेले बरे.

नागपूरचा उन्हाळा हा या सगळ्यातला असा घटक आहे, ज्याची दखल कुठल्याच मदतपुस्तिकेत नसते. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी बंद खोलीत लॅपटॉप चालू ठेवणे धोक्याचे असते. बाह्य हार्ड डिस्कसाठी तर उत्पादक बहुधा ३५ अंशांपर्यंतच वापर सुचवतात. एप्रिल-मे महिन्यांत मी सिंक रात्री कूलर चालू असतानाच होऊ दिले, आणि कूलरच्या ओलसर हवेच्या झोतात डिस्क येणार नाही अशी जागा निवडली. वीज गेली तरी राउटर इन्व्हर्टरवर असल्याने काम अर्धवट राहिले नाही. तसे राहिलेच, तर सिंकथिंग पुढच्या वेळी उरलेला भाग तेवढाच आणतो.

शेअर करण्याच्या बाबतीत तंत्रापेक्षा माणसे अवघड निघतात. अल्बमची लिंक पाठवल्यावर इतवारीच्या काकूंचे उत्तर आले, “कायले लिंक पाठवतं बाप्पा, फोटोच टाक ना ग्रुपवर.” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा आकार कमी करते, छापायचा असलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळ स्वरूपात पोचतो. त्यातही मेख अशी की, साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून स्थानाची माहिती गळून जाते, तर डॉक्युमेंटमध्ये ती तशीच राहते. अल्बमच्या लिंकची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण ती ज्याच्या हाती लागेल त्याला अल्बम उघडतो आणि लिंक पुढे कोणी कोणाला पाठवली हे आपल्याला कळत नाही. घरच्या समारंभाचे अल्बम मी आठवडाभरानंतर लिंक बंद करून ठेवतो आणि फोटोंतले स्थान दाखवण्याचा पर्याय काढून टाकतो.

प्रसिद्धीसाठी नेमके उलटे करावे लागते. विकिमीडिया कॉमन्सवर वाड्याचा फोटो चढवताना स्थानाची माहिती हीच त्याची किंमत वाढवते, कारण उद्या तो वाडा पाडला गेला तर तो कुठे होता हे फोटोसोबत शिल्लक राहील. २००४ मध्ये सुरू झालेल्या या भांडारात मुक्त परवान्याशिवाय काही घेतले जात नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. फोटो काढणाऱ्याचे नाव दिले तर कोणीही तो फोटो व्यापारासाठीही वापरू शकतो. हे मान्य नसेल तर तेथे जाऊ नये. मला वाड्यांसाठी ते मान्य आहे, घरच्या माणसांच्या चेहऱ्यांसाठी नाही.

मारबतीचा प्रश्न कायद्याचा निघाला. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार इमारतींचे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करता येतात. काळी व पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे इतर पुतळे, हे मिरवणुकीपुरते असतात आणि शेवटी त्यांचे दहन होते, म्हणून ‘कायमस्वरूपी’ ही अट त्यांना लागू पडेल असे म्हणता येत नाही. दरवर्षी नव्याने पुतळा घडवणाऱ्या कारागिराच्या कामावर मी परस्पर मुक्त परवाना लावावा, हे कायदा बाजूला ठेवला तरी मला पटत नाही. ते फोटो मी फ्लिकरवर सर्व हक्क राखून ठेवतो. तेथील मोफत खात्याला १,००० फोटोंची मर्यादा आहे आणि त्यांपैकी केवळ ५० खासगी ठेवता येतात, त्यामुळे खासगी संग्रहासाठी ही जागा कामाची नाही. प्रदर्शनासाठी पुरेशी आहे.

वार्षिक योजनांबाबत एक उल्लेख करतो. एका सेवेत नूतनीकरण रद्द करण्याचे बटण पुष्कळ आत दडवलेले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डवरून आपोआप पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. तो वाचला म्हणून पैसे वाचले.

सेवा सोडायची वेळ आली तर काय, हेही तपासून पाहिले. गूगल टेकआउट ही डेटा उतरवून घेण्याची सोय सगळे फोटो झिप फाइलमध्ये देते, पण तारखा आणि वर्णने पुष्कळदा वेगळ्या जेसन (फक्त मजकुराच्या) फाइलमध्ये येतात, ज्या पुन्हा जोडण्यासाठी दुसरे साधन लागते. दोन जीबीचे तुकडे मागवावेत. उतरवण्याची मुदत साधारण आठवड्याची असते. गूगल खाते दोन वर्षे वापरले नाही, तर ते पुसले जाऊ शकते, म्हणून निष्क्रिय खात्याच्या मांडणीत मी बहिणीचा पत्ता भरून ठेवला आहे. ठरवलेली मुदत उलटल्यावर तिला खात्यातील फोटो मिळतील. लॅपटॉपवरील फोल्डरसाठी अशी कुठलीच सोय नाही, तेव्हा त्याचा पासवर्ड वहिनींना सांगून ठेवला आहे.