पब्लिक इंटरेस्ट लॉमध्ये जायचंय? मग पुण्यातल्या या गटात एकदा येऊन बघा (पाचपैकी चार)

ज्यांना लॉ करून कॉर्पोरेटमध्ये जायचंच नाहीये आणि मग नक्की जायचं कुठे हे विचारायलाही कोणी नाहीये, त्यांच्यासाठी लिहितेय. शिवाजीनगर भागात रविवारी सकाळी वेगवेगळ्या लॉ कॉलेजची पोरंपोरी जमतात, कामगार, कैदी, झोपडपट्टी, पर्यावरण असल्या लोकहिताच्या केसेस करायच्यात अशी. गट विद्यार्थीच चालवतात, फी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने. मी थ्री इयर एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बऱ्याच महिन्यांपासून जातेय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे पैशाबद्दल उघड बोलतात. एरवी समाजसेवा म्हटलं की सगळे भारावून भाषण देतात आणि रूमचं भाडं कशातून भरायचं विचारलं की विषय बदलतात. इथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा लेबर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी आल्या आल्या फळ्यावर महिन्याचा खर्चच मांडला, भाडं, मेस, पेट्रोल, काळा कोट. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलंय की ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ते सर्क्युलर घेऊन सिनियरकडे गेलात तर चहा पाजून वाटेला लावतील असं मॅडम म्हणाल्या. सगळे हसले, मला काही फार हसू आलं नाही.

मग त्यांनी लीगल एड डिफेन्स कौन्सिलबद्दल सांगितलं, जे मला कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०२२ ची स्कीम आहे, गरीब आरोपींच्या फौजदारी केसेस लढायला पूर्णवेळ वकील नेमतात, पद कंत्राटी पण मानधन दर महिन्याला, खासगी केसेस मात्र घेता येत नाहीत. असिस्टंटच्या पदाला नव्या सनदेवरही (वकिलीचा परवाना) अर्ज करता येतो. म्हणजे घरी सांगायला काहीतरी आहे!

दुसरं म्हणजे नुसती लेक्चरं नाहीत, काम देतात. एका रविवारी कच्च्या कैद्यांचा (खटला संपायच्या आधीच जेलमध्ये असलेल्यांचा) तक्ता करायला बसवलं, नावं काढून टाकलेली माहिती, अटकेची तारीख, कलम, जास्तीत जास्त शिक्षा, शेवटच्या रकान्यात किती दिवस आत आहे. बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ आपण पाठ करतो, की पहिल्यांदाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि नाहीतर निम्मा काळ आत काढल्यावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. पण साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याचं एक वर्ष झालं की अर्ज करता येतो, आणि समोरच्या ओळीत चौदा महिने लिहिलेत, हे स्वतःच्या हाताने मांडल्यावर ते कलम जन्मात विसरत नाही. त्यात दुसरी केस पेंडिंग असेल तर हा फायदा मिळत नाही, म्हणून तोही रकाना हवा, हे एका सेकंड इयरच्या पोराने पकडलं, आम्हा फायनलवाल्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जामिनाचंही तसंच. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच, कारण जामीनदार नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. हे कळवल्यावर पुढे कागद कसा फिरतो ते प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एका वकील सरांनी अर्जाचा नमुना दाखवून सांगितलं, त्या एका तासासाठी तरी या. येरवडा जेल आतून बघायला मिळेल म्हणून मात्र येऊ नका, परवानगीशिवाय तिथे कोणी सोडत नाही.

आता एक स्टार का कापला. इंग्रजी. गट चालवणारी मंडळी बहुतेक बारावीनंतरच्या फाइव्ह इयर कोर्सवाली, मूट कोर्ट (कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धा) गाजवलेली, चर्चा आपोआप इंग्रजीत जाते आणि बार्शी, जुन्नर, परभणीकडून आलेली पोरं मागे वही घेऊन गप्प बसतात. आणि गंमत बघा, जिल्हा कोर्टात एफआयआर मराठीत, पंचनामा मराठीत, साक्ष मराठीत, तर हस्ताक्षरातला पंचनामा वाचायला दिला तेव्हा तीच मागची पोरं पुढे आली आणि मूटवाल्यांना 'सदर इसम' च्या पुढे सरकेना. तरी पुढच्या रविवारी परत इंग्रजीच! मी सांगितलंय, ड्राफ्टिंगचं सेशन तरी मराठीत ठेवा, बघू म्हणालेत.

इंटर्नशिपच्या जागाही ओळखीतच फिरतात असं मला वाटतं, ग्रुपवर मेसेज पडतो तोवर जागा भरलेली असते. त्यातून हायकोर्टाचं काम बघायचं तर अजून मुंबईच गाठावी लागते, ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं पण पुणे जिल्हा त्यात नाही, त्यामुळे ट्रेनचा पास आणि तिथला खर्च ज्याला झेपतो तोच जातो. गटाने यासाठी वर्गणी काढायला हरकत नाही, वार्षिक कार्यक्रमाच्या बॅनरवर खर्च होतोच की.

फर्स्ट इयरला असाल तर आत्ताच या, फायनलला येऊन फार उशीर होतो, सीव्ही घेऊन पळापळ सुरू असते. येताना वही आणा, फोनवर टाइप करत बसलं की तक्ता भरायचा राहतो. आणि गाडी आणू नका, पार्किंगला जागा नाही.