येवल्याची पैठणी: दुकानातून नव्हे, मागावरून

मुलीच्या लग्नाची पैठणी लक्ष्मी रस्त्यावर न घेता विणकराच्या घरूनच घ्यायची, असे आम्ही ठरवले होते. त्याप्रमाणे डिसेंबरात पहाटे पाचला पुण्याहून निघालो आणि नगर, शिर्डी, कोपरगाव या मार्गाने अकराच्या सुमारास येवल्यास पोहोचलो. गोदावरी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना काळीभोर शेते लागतात आणि येवल्याच्या उत्तरेला अंकाई-टंकाईचे डोंगर उभे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी घडलेला, पुण्याच्या पायाखाली आहे तोच हा काळा पाषाण.

पहिला अनुभव मात्र वाईट आला. हमरस्त्यावरील एका मोठ्या दुकानात ‘हातमागाची’ म्हणून दाखवलेली साडी पत्नीने उलटून पाहिली, तेव्हा पदराच्या मागे धागे मोकळे लोंबत होते. यंत्रमागावरची सेमी पैठणी विकण्यात गैर काहीच नाही, कारण ज्याला जे परवडते ते त्याने घ्यावे. पण ती हातमागाची म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि तिचा फटका ग्राहकाआधी विणकराला बसतो.

तेथून निघून आम्ही गावातील एका विणकर कुटुंबाकडे गेलो. पुढच्या खोलीत जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर माग बसवलेला होता. काका खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि मावशी शेजारी कांड्या भरत होत्या. पदरावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातील मोरांची नक्षी, विणणे चालू होते. मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी असते; ती त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच नेऊन शेजारच्या धाग्यात अडकवायची आणि तेथूनच परत आणायची, असे ओळीमागून ओळ चालते. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. काकांनी मागाखाली आरसा धरून ती उलट बाजू मुलीला दाखवली. मोराची मान, डोळा, पिसारा, सारे जसेच्या तसे होते. आम्ही तासभर बसलो, तेवढ्यात पदर जेमतेम बोटभर पुढे सरकला. साध्या काठपदराच्या साडीला महिना-दीड महिना लागतो आणि भरजरी पदर असेल तर वर्षही जाते, असे मावशींनी सांगितले, तेव्हा भाव कमी करा म्हणण्याचा धीरच झाला नाही.

रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते आणि जर, म्हणजे सोनेरी-रुपेरी धागा, सुरतेहून येते. ही जर कोणत्या प्रतीची आहे, हे काकांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. शुद्ध चांदीची जर हवी असेल तर किंमत कितीतरी वाढेल, हेही स्पष्ट केले. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही खरेदी करताना सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) आणि हातमागाचे चिन्ह पाहावे आणि त्याहीपेक्षा पदर उलटून पाहावा.

आम्ही राणी रंगाची, हिरव्या नारळी काठाची आणि मुनियांच्या (पोपटांच्या नक्षीच्या) पदराची साडी निवडली. किंमत 19,500 रुपये झाली. उन्हात धरली की आडव्या आणि उभ्या धाग्यांचे दोन रंग आलटून पालटून दिसतात. या धूपछाँवेचा फोटो काही केल्या नीट येत नाही.

उणिवा दोनच. घरी तयार साड्या सहा-सातच असल्याने रंगांची निवड मर्यादित राहते, आणि आपल्या पसंतीचा रंग विणून घ्यायचा असेल तर लग्नाच्या चार-पाच महिने आधी जावे लागते. शिवाय दुपारी जेवणाच्या वेळी माग बंद असतो, म्हणून सकाळीच पोहोचावे. मुलीच्या मावशीसाठीची मोरपिशी पैठणी आम्ही त्याच मागावर सांगून आलो आहोत. फाल्गुनात ती घ्यायला पुन्हा जायचे आहे.